तेराशे कॅलरींचा पंचनामा

शरच्चंद्रराव पोतदारांनी छत्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली, आणि त्या छत्तीस वर्षांत इतवारीच्या किराणा ओळीत त्यांची जी दहशत होती ती पेंचच्या जंगलात वाघाचीही नसेल. त्यांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळली की तराजूंची पारडी आपोआप सरळ होत, असं तिथले जुने हमाल आजही शपथेवर सांगतात. एकदा एका डाळवाल्याच्या काट्यावर माशी बसली होती. शरच्चंद्ररावांनी माशीसकट पंचनामा केला आणि सुनावणीच्या तारखेपर्यंत ती पुडीत सीलबंद ठेवली. माशीचं वजन किती भरलं ते मात्र त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. खात्याची गोपनीय बाब.

अशा माणसाचं स्वतःचं वजन निवृत्तीनंतर चार वर्षांत चौऱ्याण्णव किलोंवर जाऊन बसलं. पुतणीच्या साखरपुड्यात आशीर्वाद द्यायला वाकले, तर कोटाचं बटण सुटून थेट व्याह्यांच्या मठ्ठ्याच्या ग्लासात पडलं. व्याह्यांनी ते रुमालाने पुसून परत केलं आणि एक शब्दही बोलले नाहीत. ते न बोलणं शरच्चंद्ररावांना आठ दिवस टोचत राहिलं. त्याच महिन्यात रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत आठ किलो उतरवा, नाहीतर इन्सुलिनच्या सुया सुरू करतो. आणि धरमपेठेतल्या एका आहारतज्ज्ञ बाईंच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली.

बाई कसल्या, तिशीची पोरगी होती. गार्गी नाव. प्रेमलताबाईही नवऱ्यासोबत गेल्या होत्या, कारण घरात पोळ्या त्याच लाटणार होत्या.

"काका, पहिला आठवडा काहीच बदलू नका," गार्गी म्हणाली. "जे खाता ते, जेवढं खाता तेवढं, सगळं लिहा. मी ते तुमच्या वयाशी, उंचीशी, फिरण्याशी ताडून पाहीन आणि त्यातून रोजच्या चार-पाचशे कॅलरी कमी करीन. एकदम उपाशी ठेवलेलं माणूस महिनाभर टिकतं आणि मग दुप्पट खातं. फक्त लिहिताना लाजू नका. सगळ्यांचं सारखंच असतं."

"मोजमापाच्या बाबतीत मला सांगायची गरज नाही," शरच्चंद्रराव म्हणाले, आणि त्यांनी शंभर पानी वही विकत घेतली.

शरच्चंद्रराव रोज सकाळी सहाला शुक्रवारी नावाच्या तलावावर फिरायला जात. सोबतीला मधुकरराव, बँकेतून निवृत्त झालेले, अंगाने काडी आणि खाण्यात हत्ती. तलावाला दोन फेऱ्या झाल्या की दोघांची पावलं गोविंदाच्या पोह्यांच्या ठेल्याकडे वळत. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा. त्या तर्रीची ख्याती अशी, की एकदा तिचा एक थेंब रस्त्यावर सांडला आणि तीन दिवस त्या जागेवरून कुत्रं गेलं नाही. शरच्चंद्रराव दोन प्लेटी खात, तर्री मागून घेत, आणि वर एक सांबारवडी, कोथिंबीर भरून तळलेली. संध्याकाळी भाजी आणायला गेले की एक आलूबोंडा. एकच, पण गोविंदाच्या भावाच्या ठेल्यावरचा. तो एक दुसरीकडच्या दोघांना भारी.

पहिल्या दिवशी दुपारी ते वही घेऊन बसले. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. त्या मोत्यांनी त्यांनी लिहिलं: 'सकाळी ७.१०. तर्री पोहा, प्लेट दोन. जादा तर्री. सांबारवडी एक.' आणि वर पाहिलं, तर स्वयंपाकघरात प्रेमलताबाई बिनतेलाची भाजी परतत होत्या. डॉक्टरांकडून आल्या दिवशीच त्यांनी तळणीची कढई माळ्यावर टाकली होती. ही वही त्या वाचणार, हे उघडच होतं. शरच्चंद्ररावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आंघोळ करताना कोणी दार ढकलावं तसं वाटलं. त्यांनी पान फाडलं, बारीक तुकडे केले, आणि नव्या पानावर लिहिलं: 'सकाळी. पोहे, एक वाटी.'

एकदा एक वाटी लिहिली की दुसऱ्या दिवशी दोन कशा लिहायच्या? आठवडाभर मोत्यासारख्या अक्षरात वाट्याच वाट्या निघाल्या.

गार्गीने बेरीज केली. चौदाशे ऐंशी.

तिने पेन खाली ठेवलं. "काका, तुमच्या शरीराला रोज बावीस-तेवीसशे लागायला हवेत. तुम्ही पंधराशेही खात नाही, आणि वजन जागचं हलत नाही. काही लिहायचं राहिलं का? राहतं. लोक चहासोबतची बिस्किटं विसरतात, बाहेरचं विसरतात."

दार असं सताड उघडं होतं. शरच्चंद्ररावांनी घसा खाकरलाही. पण बाजूच्या खुर्चीतून प्रेमलताबाई म्हणाल्या, "छे वं बाई! यांनी उभा जन्म लोकांची खोटी मापं पकडली. हे काहून चुकीचं लिहितील?"

शरच्चंद्रराव भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडे पाहू लागले. त्यात एक पपई होती. ती त्यांनी फार बारकाईने पाहिली.

"पुरुषांना मी पंधराशेच्या खाली नेत नाही," गार्गी जरा वेळाने म्हणाली. "ते बरं नाही. पण वही खरी धरायची तर दुसरा इलाज नाही. तेराशे. तेही पंधरा दिवसच. चक्कर आली, हात थरथरले, तर तेव्हाच्या तेव्हा फोन करा."

चक्कर येणार कशी? पहाटे गोविंदाकडे त्यांची सोय होतीच.

आता पोतदारांच्या घरची एक रीत सांगायला हवी. प्रेमलताबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांच्या आईने कानात सांगून पाठवलं होतं, की आपल्या पानात नवऱ्यापेक्षा एक पोळी कमी घ्यायची. पस्तीस वर्षं ती रीत बिनबोभाट चालली, कारण शरच्चंद्रराव पाच पोळ्या खात आणि बाईंच्या वाट्याला चार येत. चारात कोणाचं अडतं? पण गार्गीच्या कागदावर शरच्चंद्ररावांना दोन पोळ्या आल्या. त्या दिवशी बाईंनी स्वतःला एक वाढून घेतली. त्यांना अर्धी वाटी भात, तर हिला दोन चमचे. त्यांचं वरण वाटीभर, तर हिचं वाटीच्या बुडाशी. मुळात बाईंचं वजन त्रेपन्न किलो. त्यातून उतरवायला काहीच नव्हतं.

"तू घे ना अजून एक," शरच्चंद्रराव म्हणाले.

"तुम्ही दोनवर आणि मीही दोनवर? बरं दिसते का ते? तुमच्यासमोर बसून खाऊ कशी?"

शरच्चंद्ररावांच्या पोटात त्या वेळी सकाळच्या पोह्यांचा दगड होता. त्यांनी खाली मान घालून दुसरी पोळी संपवली.

पंधरा दिवसांनी वजन तेवढंच. गार्गीने तेराशेच पुढे चालू ठेवले आणि थायरॉईड तपासायला लावलं. थायरॉईड एकदम ठणठणीत. प्रेमलताबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मग नवऱ्याला बोलल्या, "तुमचं शरीरच वेगळं दिसते. एवढुसं खाऊन एवढं फिरता, धन्य आहे तुमची." हे त्या खरंच कौतुकाने बोलल्या, आणि तेच वाईट होतं. टोमणा असता तर शरच्चंद्ररावांना उलटा टोमणा मारता आला असता.

एकदा दुपारी बाई कणिक भिजवत होत्या. हातातली पाटली निसटून कणकेत पडली. पस्तीस वर्षांत साबण लावूनही न निघालेली पाटली. शरच्चंद्ररावांनी ती कणकेतून काढून धुतली, आणि परत घालायला बायकोचा हात हातात घेतला, तर मनगट कसं पाखरासारखं लागलं. आत्ता सांगतो, त्यांनी ठरवलं. तोंड उघडलंही.

"काय?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. सोनाराकडून लहान करून आणू."

असं म्हणून ते गॅलरीत गेले, आणि तिथे उभं राहून त्यांनी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या, की शेजारच्यांचा पोपट पुढे महिनाभर तेच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निश्चय केला. गोविंदाच्या ठेल्याकडे जायचंच नाही, तलावाला उलट्या बाजूने फेरी मारायची.

"काय गा शरद, रस्ता विसरला का?" मधुकरराव मागून ओरडले. "घरी तेराशे अन् इथेही तेराशे? मरशील गा! फिरलो की जिरते सारं."

शरच्चंद्रराव वळले नाहीत. पण तर्रीचा वास अख्खा तलाव पोहून या काठाला आला, आणि त्यांच्या नाकाला धरून त्यांना त्या काठाला घेऊन गेला. त्या दिवशी त्यांनी तीन प्लेटी खाल्ल्या. तिसरी रागाने.

दीड महिन्याने काट्यावर पंच्याण्णव किलो सहाशे ग्रॅम भरले.

"तुमचा काटा बिघडला आहे," शरच्चंद्रराव गार्गीला म्हणाले. आवाज जुना, इतवारीतला. "सरकारी तपासणीचं शेवटचं पासिंग केव्हा झालं याचं?"

गार्गी गांगरली. "काका, मागच्याच वर्षी नवा घेतला..."

"उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या धान्यवाल्याकडून दहा-दहा किलोंची दोन शिक्क्याची वजनं मागून आणली, पिशवीत घातली आणि दवाखान्याचे दोन जिने चढून वर नेली. बाई मागून येत होत्या. पहिल्या वळणावर त्या कठडा धरून पायरीवर टेकल्या, म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी आलीच." त्यांच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरच्या सकाळी. शरच्चंद्ररावांनी तो पाहिला. आणि पुढे झाले.

वीस किलो लोखंड त्यांनी काट्यावर ठेवलं. काट्यावर वीस आणि पुढे शून्य उमटलं. त्यांनी वजनं जागा बदलून ठेवली. वीस, शून्य. गुडघ्यावर बसून काट्याची पातळी पाहिली, खाली कागदाची घडी सरकवून पाहिली. वीस, शून्य. आयुष्यात इतका सच्चा काटा त्यांनी पाहिला नव्हता. बाहेर थांबलेल्या चार बाया दारातून बघत होत्या.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले, आणि उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

गार्गी हसली नाही. "काका," ती हळू म्हणाली, "काटा बरोबर, थायरॉईड बरोबर. मग काय उरलं?"

तेवढ्यात बाई आत आल्या, आणि शरच्चंद्ररावांनी वजनं पिशवीत भरली.

ही गोष्ट घडली बुधवारी. गुरुवारी सकाळी शरच्चंद्रराव गोविंदाच्या ठेल्यापाशी दुसरी प्लेट हातात घेऊन उभे होते. मधुकरराव भोपाळच्या व्याह्यांची काहीतरी गंमत सांगत होते. इतक्यात तलावाच्या फाटकाशी गलका झाला. गोविंदाने झारा टाकला, मान उंच केली आणि ओरडला, "साहेब, त्या काकू तुमच्याच घरच्या दिसून राहिल्या जी! पडल्या पा!"

शरच्चंद्रराव धावले. चार वर्षांत पहिल्यांदा धावले. प्लेट हातातच होती, आणि पाचव्या पावलाला तर्री पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत सांडली. फाटकाशी प्रेमलताबाई जमिनीवर बसल्या होत्या, एका बाईच्या खांद्याला डोकं टेकवून. पायात नवे कापडी बूट. नवऱ्याला न सांगता त्याही फिरायला निघाल्या होत्या. एवढा उपास करून हा माणूस एकटा फिरतो, आपण सोबत करावी म्हणून.

कोणीतरी साखरपाणी पाजलं. त्यांचे डोळे नीट उघडले. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग शर्टाकडे. कॉलरवर एक चणा चिकटला होता. तो त्यांनी बोटाने काढला.

"शर्ट लगेच पाण्यात टाका," त्या म्हणाल्या. "तर्रीचा डाग जात नाही."

बस, इतकंच.

गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, आणि चष्म्यावरून शरच्चंद्ररावांकडे पाहून विचारलं, "यांना घरी जेवायला देत नाही का हो?" शरच्चंद्रराव अजून त्याच शर्टात होते. पुऱ्या अंगाला कांदा-तर्रीचा वास. दवाखान्यात बसलेल्या सात जणांना उत्तर आपोआप मिळालं.

दिवसभर बाई झोपून होत्या. शरच्चंद्ररावांनी मुगाची खिचडी केली, ती खाली लागली, वर कच्ची राहिली. बाईंनी मुकाट्याने खाल्ली. त्यांनी तेव्हा भांडून घर डोक्यावर घेतलं असतं, तर शरच्चंद्रराव त्यांचे पाय धरायला तयार होते.

शुक्रवारी सकाळी ते घरातला छोटा डिजिटल काटा आणि पंचनाम्याचा कोरा कागद घेऊन ठेल्यावर गेले. काटा पाहून गोविंदाचं तोंड उतरलं.

"साहेब, मी तर प्लेटीवर विकतो जी. वजनाचं माझ्याकडे काहीच नाही."

"तुझं नाही तपासून राहिलो, गोविंदा. माझं तपासून राहिलो. नेहमीची प्लेट भर. जशी मला देतो तशी. हात आखडू नको."

त्यांनी पोहे मोजले, तर्री वेगळी मोजली, तिच्यावरचा तेलाचा तवंग चमच्याने काढून तोही मोजला. सांबारवडी मोजली. मग कागदावर लिहिलं, तेच मोत्यासारखं अक्षर: 'आरोपी: शरच्चंद्र पोतदार, वय बासष्ट. आरोपीने सात आठवडे खोटी वही दाखवून पत्नी व आहारतज्ज्ञ यांची दिशाभूल केली. जप्त मुद्देमाल...' आणि खाली सगळी यादी, ग्रॅमसकट. आलूबोंडाही. रागाची तिसरी प्लेटही.

"इथे पंच म्हणून सही कर."

गोविंदाने वाचलं. डोकं खाजवलं. "इतक्या जुन्या गिऱ्हाइकाविरुद्ध मी असं लिहून कसं देऊ जी?" पण सही केली.

त्याच दुपारी रिक्षाने दोघं धरमपेठेत गेले. या खेपेला जिना चढताना शरच्चंद्रराव बायकोच्या मागे होते, एक पायरी खाली, हात पुढे धरून. आत बसल्यावर त्यांनी कागद काढला आणि उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वर पाहिलं नाही. 'जादा तर्री' शब्दाशी आवाज गेला. त्यांनी तो शब्द पुन्हा वाचला.

गार्गीने कागद घेतला आणि बेरीज केली. "सव्वीसशे," ती म्हणाली. जरा घुटमळली. "चूक माझीही आहे, काका. आकडा जुळत नव्हता, मी अजून एकदा विचारायला हवं होतं."

आता प्रेमलताबाई बोलल्या, पण नवऱ्याशी नाही, समोरच्या टेबलाशी बोलल्यासारख्या.

"मला वाटे, माझंच शरीर कच्चं आहे. हे तेराशेवर दोन-दोन फेऱ्या मारून येतात, जिन्याने वीस किलो लोखंड नेतात. अन् मला कणिक भिजवताना धाप लागे. डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हटलं, सांगावं कसं? यांच्यापुढे लाज वाटे मला."

शरच्चंद्रराव उभेच होते. आपल्या वाट्याची लाज दीड महिना ही बाई वागवत होती, एका पोळीवर. त्यांना बसायचं होतं, पण खुर्ची बायकोच्या शेजारी होती आणि तिथे बसायची हिंमत होईना. गार्गीने उठून ती खुर्ची दुसऱ्या बाजूला आणली, तेव्हा बसले.

मग गार्गीने नवा कागद घेतला. काकांना अठराशे. तीन पोळ्या, भाजी, वरण, दही, आणि आठवड्यातून एकदा गोविंदाची एक प्लेट, साधी तर्री. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ. आठ किलोंची घाई करायची नाही, ते ती डॉक्टरांशी बोलेल. काकूंना पंधराशे, एक दाणा कमी नाही.

शरच्चंद्ररावांनी मनात वजाबाकी केली. खरं बोलल्यावर आपल्याला खोट्यापेक्षा पाचशे जास्त मिळाले, हे कळून त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"अन् यांच्यापेक्षा एक पोळी कमी घेतली तर?" बाईंनी विचारलं. सवय सुटत नव्हती.

"काकांच्या पानाशी तुमच्या पानाचा काही संबंधच नाही," गार्गी म्हणाली.

बाई चार दिवस कामापुरतंच बोलल्या. वही आता जेवणाच्या टेबलावर उघडी राहू लागली, आणि लिहिताना बाई समोर बसत. पोळ्या शरच्चंद्ररावच वाढू लागले, आधी बायकोच्या पानात. वरणाची वाटी काट्यावर ठेवून ते म्हणत, "हे माप कमी आहे," आणि अजून एक पळी घालत.

पाचव्या दिवशी दुपारी लिहिता लिहिता पेन थांबलं. सकाळी बाई आंघोळीला गेल्या असताना त्यांनी फ्रिजमधून पाहुण्यांसाठी ठेवलेल्या संत्रा बर्फीचा एक तुकडा तोंडात टाकला होता. कोणी पाहिलं नव्हतं. वास नाही, डाग नाही, पंच नाही. शरच्चंद्रराव कागदाकडे पाहत राहिले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग लिहिलं: 'संत्रा बर्फी, तुकडा एक. चोरून.'

बाईंनी उलट्या बाजूने वाचलं. "किती ग्रॅमची?"

"मोजली नाही. तेवढा वेळ नव्हता."

बाई उठल्या. फ्रिजमधून डबा आणला, काटा आणला, सुरी आणली, आणि सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. शरच्चंद्ररावांनी एक तुकडा काट्यावर ठेवला. अठ्ठावीस ग्रॅम. त्यांनी वहीत आकडा भरला. मग तुकडा मधोमध कापला आणि दोन्ही भाग वेगवेगळे मोजले. एक पंधरा भरला, एक तेरा.

पंधराचा तुकडा त्यांनी बायकोपुढे सरकवला. तेराचा डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

बाईंनी तो हातात धरला, उलटसुलट पाहिला. दोन महिन्यांत त्यांनी गोड खाल्लं नव्हतं.

"हे माझ्या पंधराशेत बसते का?" त्यांनी विचारलं.

"बसते," शरच्चंद्रराव म्हणाले. मान वर न करता. "मी बेरीज केली आहे. तू पुन्हा करून पाहा."

प्रेमलताबाईंनी वही स्वतःकडे ओढली, आणि बर्फी तोंडात धरून एक-एक आकडा बोटाने तपासू लागल्या.